डिझाइनमधले मथळे साइटवर उतरवताना: आमच्या वाचनालयाचे अडीच महिने

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावी मी वाचनालयात अर्धवेळ ग्रंथपाल आहे. कोडिंग शिकलेले नाही. २०२५च्या चतुर्थीच्या तोंडावर आमच्या वाचनालयाची वेबसाइट सुरू झाली. फिग्मात, म्हणजे पानांची चित्रं आखायच्या साधनात, काढलेलं डिझाइन वर्डप्रेस या साइट चालवायच्या प्रणालीवर एलिमेंटरमध्ये (कोड न लिहिता पानं जुळवायचं साधन) बसवायचं काम माझ्याकडे होतं. फोटो, बटणं, नकाशा हे एकेका संध्याकाळी उरकलं. खरा वेळ खाल्ला तो मथळ्यांनी. तेव्हा मराठीत कुणी हे लिहिलेलं असतं तर माझे निदान तीन आठवडे वाचले असते, म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिते आहे.

१४ जून, शनिवार. भाचीने व्हॉट्सअॅपवर फिग्माची लिंक पाठवली. ती पुण्यात डिझाइनचं काम करते, सुट्टीत आली होती तेव्हा वाचनालयासाठी हौसेने सहा पानं काढून दिली होती: मुख्य पान, वाचनालयाविषयी, माटोळी, बालविभाग, कार्यक्रम, संपर्क. माटोळीचं पान सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीतली रानफळं आणि वेली नव्या पोरांना नावाने ओळखता येत नाहीत, तर फोटो आणि माहितीसकट ती एका जागी असावीत अशी आमच्या अध्यक्षांची, भाईंची, फार दिवसांची इच्छा. भाची म्हणाली, "मावशी, डिझाइन तयार आहे. आता तू एलिमेंटरमध्ये उतरव, अडलं तर रात्री फोन कर." पानं फारच देखणी होती. मी त्याच रात्री छापून भिंतीला लावली.

पण आधी पैशांचं. वाचनालय नोंदणीकृत संस्था आहे, त्यामुळे ठरावाशिवाय रुपया हलत नाही. २२ जूनला कार्यकारिणीची बैठक लावली तर पावसाच्या झडीत चौघेच आले, गणपूर्ती नाही. २९ जूनला ठराव झाला, आठ हजारांपर्यंत खर्च मंजूर. होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) वर्षाचे तीन हजार आणि १८ टक्के जीएसटी मिळून ३,५४०, डोमेनचे (साइटच्या पत्त्याचे) जीएसटीसकट १,१८०, एकूण ४,७२०. एलिमेंटरची फुकट आवृत्तीच वापरली. मी घाईत माझ्या यूपीआयवरून पैसे भरले आणि बिल माझ्या नावाने आलं. खजिनदारांनी ते घेतलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. होस्टिंगवाल्यांना मेल करून संस्थेच्या नावाचं बिल मिळेपर्यंत नऊ दिवस गेले. पैसे भरण्याआधी खात्यातल्या बिलिंगच्या तपशिलात संस्थेचं नाव-पत्ता घाला, आणि डोमेन संस्थेच्या ईमेलवर नोंदवा. ग्रंथपाल बदलतात, वाचनालय तिथेच असतं.

५ आणि ६ जुलैला बसून मी सगळे मथळे बसवले. ६ला आषाढी एकादशी होती, देवळात भजन चालू होतं आणि मी खिडकीशी लॅपटॉप घेऊन. पद्धत साधी: फिग्मात मथळ्यावर क्लिक करायचं, बाजूच्या पट्टीत आकार, वजन (अक्षराची जाडी), ओळींमधलं अंतर आणि रंग दिसतो, तो वहीत लिहायचा, एलिमेंटरमध्ये हेडिंगचं विजेट, म्हणजे मथळ्याचा तयार ठोकळा, ओढून आणायचं, मजकूर चिकटवायचा आणि तेच आकडे भरायचे. मोठा मथळा ६४ पिक्सेल, विभागाचा ४०, छोटा २८. असे सहा पानांवर मिळून २३ मथळे झाले. रविवारी रात्री प्रिव्ह्यू उघडला तर भिंतीवरच्या छापील पानासारखंच दिसलं. मी समाधानाने झोपले.

८ तारखेला भाईंनी त्यांच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पाठवला. अक्षरं वेगळीच होती, बारीक, सरळसोट. माझ्या लॅपटॉपवर एक, त्यांच्या फोनवर दुसरं, मुलाच्या टॅबवर तिसरं. कारण कळायला दोन दिवस लागले. डिझाइनमध्ये मथळ्यांसाठी प्लेफेअर डिस्प्ले हा फाँट होता आणि त्या फाँटात देवनागरी अक्षरंच नाहीत. फाँटात अक्षर नसलं की ज्या त्या यंत्रावर जो देवनागरी फाँट आधीपासून असेल तो पुढे होतो. फिग्मातही हेच झालं होतं, तिथे जो पर्यायी फाँट आला तो दिसायला छान होता, म्हणून तिच्या लक्षात आलं नाही. तुमच्या हातात डिझाइन आलं की आकडे भरायच्या आधी एवढं बघाच: फाँटचं नाव गूगल फाँट्सवर शोधा आणि त्यात देवनागरी आहे का ते पाहा.

भाचीने मथळ्यांसाठी तिरो देवनागरी मराठी आणि मजकुरासाठी मुक्त हा फाँट सुचवला. आता फाँट बदलायचा तर २३ ठिकाणी. अकरावा मथळा बदलताना लायट गेली आणि अंधारात बसून पहिल्यांदा विचार केला, की हे काम एकाच जागेवरून व्हायला हवं. अशी जागा असते. एलिमेंटरच्या साइट सेटिंग्जमध्ये ग्लोबल फाँट्स म्हणून भाग आहे. तिथे शैलीला नाव द्यायचं, आकडे एकदाच भरायचे, आणि प्रत्येक मथळ्यात टायपोग्राफीजवळच्या पृथ्वीगोलाच्या चिन्हावरून ती शैली निवडायची. पुढे काही बदललं तर सगळीकडे बदलतं. मी चार शैली केल्या आणि नावं मराठीतच ठेवली: पानाचं नाव, विभाग, उपविभाग, आणि विभागावरच्या लहान ओळीसाठी चिठ्ठी. एक सांभाळायचं: ग्लोबल शैली निवडल्यावर त्याच मथळ्यात पेन्सिलीवर जाऊन आकडा बदलला की त्या मथळ्याचं नातं तुटतं आणि तो पुन्हा एकटा पडतो. माझे तीन मथळे असे सुटले होते, ते ऑगस्टमध्ये सापडले.

तिरो लावल्यावर अक्षरं जाड आणि किंचित फुगलेली दिसू लागली, मूर्तीवर रंगाचा हात जास्त बसल्यासारखी. एलिमेंटरमध्ये 'प्रायमरी' शैलीचं वजन मुळातच ६०० असतं, मी तीच शैली नाव बदलून वापरली होती. तिरो देवनागरी मराठीला वजन एकच, ४००. ठळक रूप फाँटात नसलं की ब्राउझर आहे तेच अक्षर सुजवून ठळक करतो. वजन ४०० केलं आणि काना-मात्रा पुन्हा रेखीव झाल्या. मुक्तला २०० ते ८०० अशी सात वजनं आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

१२ जुलैचा शनिवार एका ओळीवर गेला. माटोळीच्या पानावर एक मथळा दोन ओळींत येत होता: वर 'माटोळीसाठी सुपारी', खाली 'आणि चतुर्थीचा बाजार'. डिझाइनमध्ये ओळींचं अंतर ११० टक्के, मी १.१ एम भरलं (एक एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप). 'सुपारी'तल्या सु चा उकार खाली उतरला आणि 'चतुर्थी'च्या थी वरच्या रफारात जाऊन अडकला. लांबून वाटावं की थी ला वर शेपूट फुटलं आहे. इंग्रजी मथळ्याला ११० टक्के शोभतात, कारण तिथे अक्षराच्या वर आणि खाली फारसं काही नसतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडकी जोडाक्षरं. मी १.२, १.३ करत १.४वर थांबले. भाचीला फोटो पाठवला तर म्हणाली, "मावशी, पानाची उंची वाढतेय गे." वाढू दे म्हटलं. ती दोन मिनिटांनी म्हणाली, "खरं म्हणजे मीच इंग्रजी मजकूर टाकून मापं ठरवली होती, मग मराठी चिकटवलं." डिझाइन करणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे, मापं ठरवताना 'चतुर्थी', 'कर्तृत्व', 'पूर्तता' असे शब्द टाकून बघा.

अक्षरांमधल्या अंतराचं असंच. प्रत्येक विभागावर एक लहान चिठ्ठी होती, १४ पिक्सेलची, अक्षरांत ८ टक्के अंतर, सगळी मोठी लिपी, म्हणजे इंग्रजीतली कॅपिटल अक्षरं. आपल्याकडे मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे ती खूण लावूनही काही होत नाही. अंतर मात्र लागलं आणि 'माटोळी'च्या शिरोरेषेचे तीन तुकडे झाले: मा, टो, ळी, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली तुटकी काडी. तोरण तुटून पडावं तसं दिसलं. मोठ्या मथळ्यात उलट उणे २ टक्के होतं, तिथे अक्षरं एकमेकांत घुसली. फिग्मातले टक्के एलिमेंटरमध्ये एम करायचे तर शंभराने भागायचं, उणे २ टक्के म्हणजे उणे ०.०२ एम, हा हिशेब मी शिकले खरा, पण देवनागरी मथळ्यात शेवटी सगळीकडे शून्य ठेवलं. चिठ्ठी वेगळी दिसावी म्हणून तिचा रंग बदलला.

रंगाचं एकाच वाक्यात सांगते: हळदी रंगाचे मथळे पांढऱ्यावर फिके पडत होते, २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षरांना निदान ३ ला १ आणि लहानांना ४.५ ला १ अशी विरोधछटा (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) हवी असं वेबच्या सुलभतेच्या निकषांत आहे, आमची तीनाच्याही आत होती, म्हणून हळद गडद करून तांबूस केली.

इथवर मला वाटत होतं की काम संपत आलं. २० जुलैला अण्णांकडे गेले.

अण्णा आमचे सगळ्यात जुने सभासद, मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. काचबिंदूने दृष्टी गेली आहे. फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय, लावून बातम्या ऐकतात, व्हॉट्सअॅप चालवतात. टॉकबॅकमध्ये वाचण्याची पद्धत 'मथळे' अशी निवडली की बोट वर-खाली फिरवून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, आपण डोळ्यांनी पान चाळतो तसं. मी बाल्कांवात, घरापुढच्या बसायच्या जागी, त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "अण्णा, वाचनालय किती वाजता उघडतं ते साइटवर शोधा."

ते बोट फिरवत गेले. फोन बोलला: गावाची ओळख. मग: १२४०. मग: पुस्तके. मग एका सभासदाचं दीड ओळीचं मनोगत. मग पुन्हा एक चिठ्ठी. पान संपलं, वेळ आलीच नाही. अण्णांनी पुन्हा वरून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला फोन खाली ठेवून म्हणाले, "बाय, वेळ लिहायची राहिली वाटतं."

राहिली नव्हती. डिझाइनमध्ये 'वाचनालयाची वेळ' हे शब्द १६ पिक्सेलचे, ठळक होते. लहान दिसले म्हणून मी ते मजकुराच्या विजेटमध्ये नुसते ठळक करून टाकले होते. आणि '१२४०' हा आकडा ६४ पिक्सेलचा, मोठा दिसला म्हणून हेडिंग. हेडिंगच्या विजेटमध्ये टॅग (हा मथळा कितव्या पातळीचा ते यंत्राला सांगणारी खूण, एच-१ सगळ्यात वरची) मुळातच एच-२ असतो, मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. म्हणजे जे खरोखर मथळा होतं त्याला मथळ्याचा दर्जा नव्हता, आणि आकडा, मनोगत, चिठ्ठ्या सगळ्यांना एकाच पातळीचा दर्जा मी देऊन बसले होते. अण्णांनी चूक स्वतःकडे घेतली आणि मला घरी येईपर्यंत बोलवेना.

त्या रात्री सगळ्या पानांचा मजकूर आकार, रंग काही न ठेवता साध्या कागदावर छापला. वीस वर्षं पुस्तकांच्या अनुक्रमणिका बघते आहे, तर म्हटलं ही पण अनुक्रमणिकाच समजायची. पुस्तकाचं नाव एकच, तो एच-१. प्रकरणं एच-२. प्रकरणातले भाग एच-३. प्रकरणावरून थेट पोटभागात उडी नाही, म्हणजे एच-२ नंतर एच-४ नाही. अनुक्रमणिकेत जे छापणार नाही ते हेडिंग नाही. '१२४०' अनुक्रमणिकेत येईल का? नाही. मनोगत? नाही. 'वाचनालयाची वेळ'? हो, सगळ्यात आधी. पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे आकडा टाकला. २३ मधले ९ मथळे नव्हतेच, आणि ४ नवे निघाले. म्हणजे १८.

एलिमेंटरमध्ये दिसणं आणि दर्जा या दोन वेगळ्या जागा आहेत. दर्जा मजकुराच्या टॅबमध्ये 'एचटीएमएल टॅग' इथे, दिसणं शैलीच्या टॅबमध्ये. त्यामुळे भाचीच्या डिझाइनला धक्का न लावता सगळं दुरुस्त होऊ शकलं: १२४० तेवढाच मोठा राहिला, फक्त त्याचा टॅग 'पी', म्हणजे साध्या परिच्छेदाचा, केला. चिठ्ठ्यांचाही. 'वाचनालयाची वेळ' १६ पिक्सेलचीच राहिली, पण हेडिंगच्या विजेटमध्ये एच-२ म्हणून आली. आयकॉन बॉक्स आणि इमेज बॉक्स या विजेटांच्या आतही नाव असतं आणि त्याला मुळात एच-३ असतो, तेही तपासा. शिवाय थीम (वर्डप्रेसमधला साइटचा तयार साचा) स्वतः पानाचं नाव वर एच-१ म्हणून छापते, आणि आपण खाली आपला एच-१ ठेवतो, मग दोन होतात. पानाच्या सेटिंगमध्ये 'हाइड टायटल' चालू केलं की थीमचं जातं.

तेव्हापासून वहीत पाच रकाने आखले: मजकूर, दर्जा, शैलीचं नाव, मोठ्या पडद्यावरचा आकार, फोनवरचा आकार. आधी दर्जाचा रकाना भरायचा, तो पूर्ण झाल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. सुरुवातीला हे केलं असतं तर जुलै वाचला असता.

फोनचा आकार हा डिझाइनमध्ये नव्हताच. सगळी पानं १४४० पिक्सेल रुंदीची, आणि आमचे बहुतेक सभासद फोनवर बघणार. ६४ पिक्सेलचा मथळा ३६० च्या पडद्यावर एका ओळीत एक शब्द असा उभा राहिला. त्यात मी डिझाइनबरहुकूम ओळ तोडण्याच्या खुणा घातल्या होत्या, त्यामुळे 'आणि' एकटा एका ओळीवर. त्या सगळ्या खुणा काढल्या. एलिमेंटर मुळात १०२४पर्यंत टॅबलेट आणि ७६७पर्यंत मोबाइल धरतो, आकाराशेजारच्या छोट्या पडद्याच्या चिन्हावरून तिन्हीकडे वेगळा आकडा देता येतो, आणि ग्लोबल शैलीतही देता येतो. 'पानाचं नाव' ५६, ४४, ३२ असं ठेवलं. ६४ मला पहिल्यापासून मोठा वाटत होता, भाचीनेही मान्य केलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन तक्रारी एकाच दिवशी आल्या. भाई म्हणाले, मजकुरातला ल आणि श आपला नव्हे, हिंदी पुस्तकातला आहे. आणि अण्णांच्या फोनवर साइट इंग्रजी आवाजात अडखळत वाचली जात होती. मला वाटलं दोन वेगळी कामं. उपाय एकच निघाला. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये साइटची भाषा इंग्रजीच राहिली होती, त्यामुळे पान स्वतःची ओळख इंग्रजी अशी करून देत होतं. ती मराठी केली. ज्या फाँटात मराठीचे वेगळे आकार दिलेले असतात ते भाषेची खूण बघून चालू होतात, आणि फोनही मराठी आवाज निवडतो. भाईंना ल मिळाला, अण्णांना आवाज. भाषा बदलल्यावर मागचं कामाचं पानही मराठीत येतं. ते अडचणीचं वाटलं तर आपल्या प्रोफाइलमध्ये फक्त स्वतःपुरती इंग्रजी ठेवता येते, मी तशीच ठेवली आहे.

१७ ऑगस्टला सगळे फोन गोळा करून वाचनालयात तपासणी केली. दोन फोनवर जुनेच मथळे दिसत होते. एलिमेंटरच्या टूल्समध्ये जाऊन साठवलेल्या फायली पुसल्या, होस्टिंगचा कॅश, म्हणजे पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती, रिकामा केला, मग जुळलं. २० तारखेला कार्यकारिणीने छापील प्रतीवर सह्या केल्या. भाचीचं नाव तळाशी घातलं, ती नको म्हणत होती.

२४ ऑगस्ट, रविवार, चतुर्थीला तीन दिवस. साइट उघडली. वाचनालयात पंधरा-वीस माणसं होती, बाहेर माटोळीच्या सामानाची लगबग. दुपारी मी अण्णांकडे गेले. त्यांनी माझी वाट न बघता सुरुवात केली होती. वाचनालयाची वेळ दुसऱ्या झटक्यात आली. त्यावर काही न बोलता ते माटोळीच्या पानावर गेले आणि एकेक मथळा ऐकत राहिले: नारळ आणि सुपारी, रानफळे, वेली. 'रानफळे'वर थांबून आतला सगळा परिच्छेद ऐकला.

"कवंडळ आहे," म्हणाले, "पण आत दडलंय. पोरं शोधणार ती नावाने. कवंडळाला त्याचा मथळा दे. घागऱ्यांना पण."

संध्याकाळी घरी येऊन 'रानफळे'च्या खाली प्रत्येक फळाचं नाव वेगळं काढलं, एच-३, शैली उपविभाग. फळं नऊ होती, काम वीस मिनिटांत झालं. अण्णांना फोन केला तेव्हा ते जेवायला बसले होते. म्हणाले, ठेवू नको, थांब, ऐकतो.